कुणाचा हात

(मदत केंद्रातली खोली. टेबलाच्या एका बाजूला केंद्राच्या अधिकारी मॅडम. समोर दोघी: कोपऱ्यावरच्या चावीवाल्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि सोबत आलेली तिची थोरली नणंद.)

मॅडम : खाली गाडी उभी आहे. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून दमला. आता शेवटचं विचारते. निवाऱ्यात जायचंय की नाही?

वहिनी : नाही.

मॅडम : का नाही?

वहिनी : नाही जायचं.

नणंद : अगं, नुसतं नाही-नाही काय करतेस? तोंड उघड. घरी माझ्यापाशी बोलतेस ते इथं बोल. मॅडम काय तुला खाणार आहेत?

मॅडम : मी कशाला खातेय? माझंच डोकं खाल्लं जातंय सकाळपासून. हे बघा बाई, तिथं जागा मिळत नाही. लोक हातापाया पडतात एका पलंगासाठी. मी भांडून तुमच्यासाठी मिळवला. तुम्ही एक रात्र राहिलात आणि सकाळी पिशवी उचलून परत त्याच्याकडे!

वहिनी : त्यांच्याकडे नाही गेले. घरी गेले.

मॅडम : एकच की ते.

वहिनी : एकच कसं? घरात हे राहत नाहीत आता. कोर्टानं बाहेर काढलंय. तुम्हीच तर अर्ज करून दिलात.

मॅडम : अजून 'हे' आणि 'त्यांच्याकडे'! मनगट मोडलं तुमचं त्यानं.

वहिनी : जिभेला वळण पडलंय.

मॅडम : असू दे. आता ऐका. घर कुणाच्याही नावावर असो, तुम्हाला तिथं राहायचा हक्क आहे. त्यानं उंबरा ओलांडायचा नाही, फोन करायचा नाही, तुमच्या कामाच्या जागी फिरकायचं नाही. फिरकला तर तो गुन्हा, त्याला अटक. वकील फुकट, दवाखाना फुकट, राहायला निवारा. कायद्यानं इतकं ताटात वाढून दिलंय आणि तुम्ही पाटावर बसायला तयार नाही.

नणंद : ताट वाढलंय हो, पण पोलीस ते समोरून ओढून घेतात त्याचं काय?

मॅडम : पोलिसांना बोलावलंत तुम्ही? मला कुणी कळवलं नाही.

वहिनी : बोलावलं. दोनदा-तीनदा बोलावलं. ते येतात आणि आधी कुलूप बघतात. कुलूप शाबूत. कोयंडा शाबूत. खिडकीची काच शाबूत. मग विचारतात, आत आला कसा? मी म्हणते, उघडून. किल्ली आहे का त्याच्याकडे? मी म्हणते, नाही. मग बाई, दार तुम्हीच उघडलं असणार. नवरा-बायकोत चालायचंच.

नणंद : आणि दारात उभे राहून हसतात मेले.

मॅडम : पण त्याचा धंदा काय, ते सांगितलंत की नाही?

वहिनी : सांगितलं. तर हवालदार म्हणाले, तो कोपऱ्यावरचा? भला माणूस आहे. आमच्या चौकीचं कपाट अडकलं होतं, बघता बघता उघडून दिलं. पैसेसुद्धा घेतले नाहीत.

मॅडम : अरे देवा. त्यानं एखादं दार फोडलं असतं ना, तर माझं काम सोपं होतं. फोटो काढला असता, लावला असता अर्जाला.

वहिनी : ते फोडणार नाहीत. कमीपणा वाटतो त्यांना. दार फोडतो तो अडाणी, असं म्हणतात.

मॅडम : आणि आत येऊन करतो काय? पुन्हा मारलं?

वहिनी : नाही. मी कारखान्यात असते तेव्हा येतात. माझी कपबशी पालथी घालून जातात. चपला दाराकडे तोंड करून ठेवतात. एकदा अंथरूण घालून ठेवलं होतं. दोघांचं.

मॅडम : हे मी कोर्टात कसं सांगू? साहेब, कप पालथा होता? त्याचा वकील काय म्हणतोय माहीत आहे? बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. आदेश रद्द करा म्हणून अर्ज टाकलाय त्यानं, उद्या सुनावणी आहे. आदेश उठला की तुमचा नवरा उजळ माथ्यानं घरात येऊन बसेल. मग त्याला कुलूपही उघडायला नको.

वहिनी : माहीत आहे.

मॅडम : माहीत आहे, आणि निवाऱ्यात जायचं नाही! बरं, घर तरी नीट राखा म्हटलं, केंद्राच्या खर्चानं नवं कुलूप बसवून दिलं. माणूस पाठवला. आला होता ना तो?

वहिनी : आला होता. चांगला माणूस. काम होईपर्यंत मान वर केली नाही.

मॅडम : मग?

वहिनी : ह्यांच्याच हाताखाली शिकलाय. उस्ताद म्हणतो ह्यांना.

नणंद : चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

मॅडम : आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

वहिनी : त्याच दिवशी फोन केला होता. तुम्ही म्हणालात, कामाबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या.

मॅडम : असं म्हणाले मी?

नणंद : म्हणालात. मी शेजारीच होते. लेखी द्या म्हणालात आणि ठेवून दिलात.

मॅडम : त्या दिवशी कुठलं तरी दुसरं प्रकरण असेल डोक्यात. एकटी आहे हो मी ह्या सगळ्या भागाला. बरं, चुकलं माझं. पण मग तेच तर सांगतेय ना मी? घर धोक्याचं आहे, मान्य. म्हणून निवारा. तिथं चौकीदार आहे, लोखंडी फाटक आहे, प्रत्येक खोलीला वेगळं कुलूप आहे.

वहिनी : तेच तर.

मॅडम : तेच तर काय?

वहिनी : मी मागंच सांगितलं होतं तुम्हाला. तिथंपण ह्यांचा हात आहे.

मॅडम : झालं. पुन्हा गाडी त्याच फाट्यावर. बाई, तेव्हाही मी तुम्हाला समजावलं होतं, निवाऱ्यात कुणाचा हात-बीत चालत नाही. वशिला नाही, ओळख नाही. वॉर्डनबाई खमक्या आहेत. मंत्र्याच्या माणसाला फाटकावरून परत पाठवलंय त्यांनी. तिथं तुमच्या नवऱ्याची काय टाप?

वहिनी : वशिल्याचं कोण बोलतंय?

मॅडम : तुम्हीच म्हणालात, हात आहे त्याचा.

वहिनी : हो. हात म्हणजे हात.

मॅडम : मला कोडी घालू नका हो. जेवलेली नाही मी अजून.

नणंद : अहो मॅडम, थांबा. ती तिच्या जागी बरोबर आहे आणि तुम्ही तुमच्या. शिंपी नाही का, शिवण बघून सांगतो, ह्यावर अमक्याचा हात आहे म्हणून? तसं आमच्या घरात कुलपाचं. बापापासूनचा धंदा. आमचा बाप कुलूप कानाशी धरायचा, किल्ली फिरवायचा आणि सांगायचा, कुणाचा हात आहे ते. हात म्हणजे काम. कुणी केलंय ते काम.

मॅडम : म्हणजे निवाऱ्यात…

वहिनी : निवाऱ्याची नवी इमारत झाली तेव्हा कुलपं ह्यांनी बसवली. फाटकाचं, जिन्याचं, खोल्यांचं.

मॅडम : सगळी?

वहिनी : सगळी. मोठं काम होतं. जेवायला बसले की हसायचे. म्हणायचे, बायकांना नवऱ्यांपासून लपवायचंय, आणि कुलपं कुणाकडून करून घेतात, तर एका नवऱ्याकडून. एक किल्ली अशी असते की ती सगळ्या खोल्यांना चालते. ती वॉर्डनबाईंकडे असते.

मॅडम : हो, त्यांच्या कमरेला असते. ती त्यांच्याकडेच असते, दुसरीकडे कुठं नाही.

वहिनी : हे एक किल्ली कधीच करत नाहीत.

नणंद : मॅडम, पाणी प्या.

मॅडम : नको. त्या रात्री तिथं तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?

वहिनी : कुठला निवारा ते तुम्ही आधी सांगत नाही ना, गुप्त ठेवता. गाडी फाटकाशी थांबली आणि फाटकाचं कुलूप बघितलं तेव्हा कळलं. लगेच तुम्हाला फोन लावला. हात आहे ह्यांचा, म्हटलं. तुम्ही म्हणालात, मन शांत ठेवा.

मॅडम : आणि राहिलात तरी.

वहिनी : रात्री कुठं जाणार? शेजारच्या पलंगावर एक पोर होती, तान्हं घेऊन आलेली. तोंड सुजलेलं होतं तिचं. मला म्हणाली, इथं झोप लागते ना हो? मी म्हटलं, लागते. मग ती झोपली आणि मी दाराकडे बघत बसले. हे मला शोधत येणार होते. तिथं आले असते तर तिलाही उठवलं असतं. घरी माझं मी बघते. म्हणून निघाले.

मॅडम : आणि मी वरच्या ऑफिसला कळवलं, बाई सहकार्य करत नाहीत. संशयी आहेत. समुपदेशनाची गरज आहे.

वहिनी : झालं समुपदेशन. बाई चांगल्या होत्या. डोळे मिटून लांब श्वास घ्यायला लावला.

मॅडम : लाज आणू नका आणखी. थांबा, आधी फोन करू द्या. हॅलो, वॉर्डनबाई? मी केंद्रातून बोलतेय. तुमच्याकडची सगळी कुलपं आज बदलायचीत… हो, आजच… तक्रार नाही हो, धोका आहे, धोका!… मंजुरी? कसली मंजुरी?… अहो, तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवत बसलो तर आठवडा जाईल… नियम मला सांगू नका, मीच शिकवते ते… काय? कुणाला बोलावता?… तुमचा नेहमीचा माणूस? नको! अहो, तोच तो! नेहमीचा म्हणजे तोच!… ठेवा, दुसरा फोन खाली ठेवा आधी. लागला तर नाही ना?… नशीब. मी गाडी पाठवतेय, ड्रायव्हर फाटकाशी उभा राहील. मी येईपर्यंत आतून दारांना टेबलं लावा… हो, टेबलं. जेवायची टेबलं. आणि हे पाहा, पोरींना घाबरवू नका. साफसफाई आहे म्हणून सांगा.

नणंद : वॉर्डनबाई खमक्या आहेत म्हणालात.

मॅडम : मावशी, आत्ता नको.

नणंद : मावशी काय? तुमच्याहून चार पावसाळे जास्त बघितले असतील, फार तर.

मॅडम : निवारा बाद झाला. घर तर आधीच बाद. इकडे आड, तिकडे विहीर. आणि उद्या सुनावणीत माझ्या हातात काय, तर पालथा कप. मला एक माणूस द्या हो. एकच. ज्यानं त्याला आत शिरताना डोळ्यांनी बघितलंय. शेजारी कुणी?

वहिनी : शेजारी बोलत नाहीत. त्यांच्या घरांच्या किल्ल्याही ह्यांनीच केलेल्या आहेत.

मॅडम : वा! दुसरं कुणी? घरात कोण असतं तुम्ही कामावर गेल्यावर?

वहिनी : वन्सं असतात. आदेश झाला तेव्हापासून माझ्या सोबतीला आल्यात.

मॅडम : मग झालंच की! बोला, तुम्ही बघितलंत का त्याला?

नणंद : मी दुपारची जरा पडते. गुडघे धरतात.

मॅडम : गुडघ्यांचं नाही विचारलं मी.

नणंद : इथं चहा मिळतो का हो? खाली टपरी दिसली होती.

मॅडम : मघापासून तिच्या मागं लागला होतात, तोंड उघड, तोंड उघड. आता तुमचं का मिटलं?

वहिनी : राहू द्या, मॅडम. भाऊ आहे त्यांचा.

नणंद : आई गेली तेव्हा एवढासा होता हो. माझ्या ताटात जेवून वाढला. काही उपद्व्याप केला की पळत यायचा आणि माझ्या मागं लपायचा. बाप विचारायचा, कुठंय तो? मी सांगायची, नाही बघितला. जन्मभर मला तेच एक काम. नाही बघितला, नाही बघितला.

मॅडम : आणि आता?

वहिनी : वन्सं, परवा मी कामावरून आले तेव्हा तुम्ही दाराला ट्रंक लावून बसला होता. विचारलं तर म्हणालात, उंदीर शिरला.

नणंद : मग? उंदीरच.

वहिनी : आणि तेव्हापासून मागं लागला आहात, कडी बदलून घे, आतली कडी बदलून घे. मी म्हटलं, धड कडी, कशाला बदलायची?

नणंद : धड नव्हती.

वहिनी : काय?

नणंद : धड नव्हती ती. आला होता तो. आतून कडी लावली नव्हती मी. आवाज नाही, काही नाही. मला वाटलं, तूच आलीस लवकर. सरळ ओट्यापाशी गेला, पाणी प्यायला. मला बघून दचकलासुद्धा नाही. ओठांवर बोट ठेवलं. म्हणाला, ताई, तू झोप. मग दारापाशी मांडी घालून बसला आणि कडीचे स्क्रू काढले. लांब स्क्रू होते ते खिशात टाकले आणि आखूड बसवले. पुसून-बिसून घेतली कडी. दिसायला जशीच्या तशी. पण बाहेरून कुणी खांदा लावला तर पडेल.

वहिनी : ती एवढीच माझी होती.

मॅडम : कोण?

वहिनी : कडी. माझे वडील गेले ना, तेव्हा हे बाहेरून कुलूप लावून निघून गेले होते. माझ्याच घरात मी कोंडलेली. बाहेर काढलंत तुम्ही तेव्हा, वन्सं, आठवतंय? त्यानंतर आतल्या बाजूला मी ती कडी बसवून घेतली. पाचर मारून, लांब स्क्रू घालून. सगळ्या घरात त्या एकीलाच किल्ली नव्हती.

मॅडम : आणि हे तुम्हाला माहीत असून तुम्ही गप्प बसलात?

नणंद : ट्रंक लावते ना मी रोज.

मॅडम : ट्रंक! अहो बाई, कपड्यांनी भरलेली ट्रंक अडवणार आहे त्याला? मेली असती ती!

नणंद : ओरडू नका माझ्यावर. मला काय कळत नाही? झोप नाही लागत मला. वाटलं, कडी बदलली की झालं, हीही वाचेल आणि तोही. ओरडायचं तर तिनं ओरडावं. आणि ती तर कधी ओरडतच नाही, ह्याचाच मला जास्त त्रास होतो.

वहिनी : वन्सं, एक विचारू? स्क्रू बसवताना कसे होते? रागात होते का?

नणंद : कशाला विचारतेस?

वहिनी : सांगा.

नणंद : नाही गं. शीळ घालत होता.

वहिनी : मग ठरवून केलंय त्यानं.

मॅडम : ऐका. घाई नाही करत, पण वेळही नाही. हा जबाब माझ्या हातात असला तर उद्याची वाट बघायला नको. कोर्टानं घालून दिलेली हद्द त्यानं मोडली, त्याला बघणारं माणूस आहे, कडीचे आखूड स्क्रू जाग्यावर आहेत. चौकीला आजच्या आज गुन्हा नोंदवावा लागेल. कपाट उघडून दिलं असलं तरी. आणि त्याच्या वकिलाचा अर्ज उद्या टिकणार नाही. पण बोलायचं तुम्हाला आहे. आत्ता इथं, आणि उद्या कोर्टात.

नणंद : तो असेल तिथं?

मॅडम : असेल. समोर उभा असेल.

नणंद : माझ्याकडे बघेल.

मॅडम : बघेल. तुम्ही न्यायाधीशांकडे बघा. मी तुमच्या शेजारी असेन, आणि तुम्हालाही संरक्षण मागता येतं. पण खोटं नाही सांगत, त्याला तुरुंग होऊ शकतो.

वहिनी : नको, वन्सं. मी बघते कुठं तरी. कारखान्यातली मैत्रीण आहे एक.

नणंद : आणि तिच्या दारावर कुणाचं कुलूप आहे, माहीत आहे तुला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार किती दिवस खाणार आहेस?

वहिनी : तुमचं माहेर तुटेल.

नणंद : माहेर कुठलं गं? आले की तू चहा ठेवतेस, गुडघ्याला तेल लावून देतेस, ते माझं माहेर. त्यानं कधी बस म्हटलंय?

वहिनी : तरी.

नणंद : तरी-बिरी काही नाही. मॅडम, घ्या लिहायला. आणि मला मध्ये थांबवू नका. एकदा थांबले तर परत सुरुवात होणार नाही माझ्याच्यानं.

मॅडम : नाही थांबवत. फक्त वरचं भरून घेऊ दे आधी. तुम्ही साक्षीदार. राहता सध्या तिच्याच घरी. आरोपीशी नातं?

नणंद : बहीण.

मॅडम : बहीण. बरं. आता बोला.

नणंद : थांबा, काय लिहिलंत? नुसतं बहीण? सख्खी लिहा.